हे वाक्य लॉराचं आहे

आजोबांच्या खेड्यातल्या घराजवळ, कुंपणाच्या बांधावर एक रानटी स्ट्रॉबेरी धरली होती. दोघी बहिणींनी ती पाहिली. थोरलीने धाकटीला बजावलं, पिकेपर्यंत तोडायची नाही. मग दोघी रोज जाऊन बघायच्या. शेवटी कुणी खायची की अर्धी अर्धी करायची, हेही ठरलं नव्हतं. एके दिवशी जाऊन पाहतात तो गोगलगायीने की आणखी कशाने ती अर्धी कुरतडून टाकलेली. कुणाच्याच कामाची उरली नाही.

ही आठवण इंग्लिश कवयित्री क्रिस्टिना रोझेटीने १८८५ मध्ये छापली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. थोरली बहीण मराया जाऊन तेव्हा नऊ वर्षं होत आली होती. पुस्तक धार्मिक रोजनिशीच्या थाटाचं, त्यामुळे स्ट्रॉबेरीतूनही बोध निघतोच. तो बाजूला ठेवू. मला त्या गोष्टीत दिसते ती एक अडचण. थोरलीचा सल्ला अगदी बरोबर होता आणि फळ तरीही गेलं. बहिणीचं शहाणपण आणि बहिणीचा उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे क्रिस्टिनाला फार लवकर कळलं असावं. तिची सगळ्यांत गाजलेली कविता नेमकी त्याच फटीत उभी आहे.

‘गॉब्लिन मार्केट’ ही ती कविता. हस्तलिखितावर तारीख आहे २७ एप्रिल १८५९, आणि अर्पण मरायाला. प्रकाशक मॅकमिलनने पुस्तक काढलं १८६२ मध्ये. कविता ५६७ ओळींची. लॉरा आणि लिझी या दोघी बहिणी ओढ्यावर पाण्याला जातात, तिथे संध्याकाळी गॉब्लिन, म्हणजे लोककथांतले खोडसाळ बुटके, फळं विकायला येतात: कुणाला मांजराचं तोंड, कुणाला शेपटी, कुणी उंदरासारखा तुरुतुरु. आरोळी एकच, या, घ्या, घ्या. लॉराजवळ पैसे नसतात. मग केसांची एक सोनेरी बट कापून देऊन ती फळं घेते, आणि ओरपून ओरपून खाते. दुसऱ्या दिवसापासून तिला ती आरोळीच ऐकू येईनाशी होते. लिझीला येते, हिला नाही. लॉरा झुरते, केस पिकतात, कामात मन लागत नाही. जीनी नावाची एक मुलगी याच फळांपायी आधी मेलेली आहे. तिच्या थडग्यावर गवतसुद्धा उगवत नाही. लॉराही त्याच वाटेने निघालेली दिसते तेव्हा लिझी चांदीची एक पेनी घेऊन बाजारात जाते. गॉब्लिन म्हणतात, बस, आमच्याबरोबर खा. ती म्हणते, विकत द्यायचं तर द्या, नाहीतर पेनी परत करा. ते तिला ओरबाडतात, लाथाडतात, फळं तिच्या तोंडावर चिरडतात. ती ओठ मिटून उभी राहते, आणि अंगभर रस माखलेली घरी धावत येते. तो रस चाखून लॉरा बरी होते.

शेवटी दोघी आया होतात. नवरे कुठे आहेत, कवितेला पत्ता नाही. मुलांचे हात एकमेकांच्या हातात देऊन सांगितलं जातं (ढोबळ मराठीत सांगायचं तर): बहिणीसारखी दुसरी मैत्रीण नाही, ऊन असो की वादळ, कंटाळवाण्या वाटेवर ती धीर देते, वाट चुकलीस तर शोधून आणते, तोल गेला तर उचलते.

या ओळी आता कपांवर छापल्या जातात, शुभेच्छापत्रांवर येतात, आणि ‘भगिनीभाव’ हा शब्द असलेल्या कुठल्याही व्याख्यानाच्या शेवटी लावता येतात. माझी तक्रार कपांबद्दल नाही. तक्रार अशी, की हे वाक्य कोण बोलतं ते आपण विसरलो आहोत. ते लिझी बोलत नाही, कवयित्रीही आपल्या आवाजात बोलत नाही. ते लॉरा बोलते. जी चुकली, जिने खाल्लं, जी मरता मरता वाचली, ती बोलते. वाचवणारी त्या शेवटच्या प्रसंगात अवाक्षर काढत नाही.

हा तपशील किरकोळ वाटेल. मला तो सगळ्या कवितेचा कणा वाटतो. ‘मी तुझी बहीण आहे’ हे वाचवणाऱ्याने म्हणणं आणि ‘ती माझी बहीण निघाली’ हे वाचलेलीने म्हणणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिला दावा असतो, दुसरी साक्ष.

आणि लिझी काही जन्मजात देवी नाही. पहिल्या रात्री लॉरा उशिरा घरी येते तेव्हा फाटकापाशी उभं राहून ती तिला चार शहाणपणाच्या गोष्टी सुनावते, जीनीचं उदाहरण देते. सगळं खरं असतं आणि काहीही उपयोग होत नाही. (स्ट्रॉबेरी!) नंतर लॉरा वाळत चाललेली दिसत असतानाही ती कचरते. फळ आणून द्यावंसं वाटतं, पण फार महागात पडेल अशी भीती. लॉरा अगदी मरणाच्या दारात पोचते तेव्हा कुठे ती हिशेब करणं थांबवते. परत आल्यावर तिच्या तोंडी उपदेशाचा एक शब्द नाही. मला जवळ घे, माझ्या जखमांकडे बघू नकोस, माझं कौतुक कर, असं म्हणते. स्वतःसाठी काहीतरी मागते! उपकार करणारी माणसं सहसा एवढी मोकळी नसतात.

ज्या पुस्तकात ही कविता आली त्याच पुस्तकात दुसऱ्या बहिणीही आहेत, त्यांना कपांवर जागा मिळत नाही. ‘सिस्टर मॉड’मधली नायिका विचारते, माझी बदनामी आईच्या कानांवर कुणी घातली, माझ्या प्रियकराबद्दल वडिलांना कुणी सांगितलं? मॉडने, माझ्या बहिणीने, जी दडून पाळत ठेवत होती. प्रियकर मेला आहे. शेवटी आईबापांना क्षमा होईल म्हणते, पण मॉडला सरळ मृत्यू आणि पाप यांच्या हवाली करते. ‘नोबल सिस्टर्स’मध्ये एक बहीण दुसरीच्या प्रियकराकडून आलेला ससाणा उडवून लावते, कुत्रा हाकलते, चिठ्ठीवाल्या पोराला परत पाठवते, आणि प्रत्यक्ष माणूस आला तेव्हा त्याला सांगते की माझ्या बहिणीचं लग्न झालंय. हे सगळं बहिणीच्या भल्यासाठी, घराण्याच्या नावासाठी. दुसरी त्याच्या शोधात निघते म्हटल्यावर ही शाप देते.

म्हणजे रोझेटीला पक्कं ठाऊक होतं की वाट चुकलेलीला आणायला जाणारी बहीण असते तशी वाटेवर पहारा करणारीही असते, आणि दोघींची भाषा एकच असते. काळजीची. १८७५ मध्ये कविता एकत्र छापताना तिने ‘सिस्टर मॉड’ गाळली. कारण काहीही असो, तेव्हापासून कित्येक वाचकांच्या हाती गोड बहीण तेवढी राहिली. त्याच १८७५ च्या पुस्तकात मात्र तिने ‘द लोएस्ट रूम’ घातली. त्यात थोरली बहीण होमरच्या वीरांचा हेवा करत, आपल्या कोमट आयुष्याला बोल लावत बसते, आणि धाकटी शांतपणे भरतकाम करता करता तिला समजावते. पुढे संसार धाकटीचा होतो आणि थोरलीच्या वाट्याला शेवटची जागा येते. भाऊ दान्ते गेब्रिएल या कवितेवर चिडला होता, त्याला तिच्यात उसना मर्दानी आवाज ऐकू आला. कवी-चित्रकार म्हणून तो मोठा खरा, पण या बाबतीत त्याचा कान साफ चुकला असं मला वाटतं.

आता बाजार सोडून हायगेटला जाऊ. लंडनच्या उत्तरेला हायगेटमध्ये सेंट मेरी मॅग्डलीनच्या नावाने एक आश्रम होता, ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या मुलींसाठी. क्रिस्टिना कवितेच्याच वर्षी, १८५९ मध्ये, तिथे काम करत होती आणि पुढे बरीच वर्षं जात राहिली. मुली साधारण दोन वर्षं राहायच्या, घरकामाचं शिक्षण घ्यायच्या आणि मोलकरीण म्हणून बाहेर पडायच्या. तिथे काम करणाऱ्या बायकांना ‘सिस्टर’ म्हणत. क्रिस्टिनाही तिथली सिस्टर क्रिस्टिना. आणि मुलींना? त्या ‘पेनिटंट’, म्हणजे पश्चात्ताप करणाऱ्या. एका छपराखाली दोन प्रकारच्या बायका, आणि बहीण हा शब्द त्यांतल्या एकाच बाजूला.

आश्रमाची टिंगल करणं सोपं आहे, आणि ते मला करायचं नाही. रस्त्यावर दुसरं काय होतं ते त्या मुलींना जास्त माहीत होतं. शिवाय क्रिस्टिना त्या पिढीच्या अनेक भल्या बायकांपेक्षा वेगळी होती: ती बाहेरून भेट देऊन परतणारी नव्हती, तिथे मुक्काम करत होती. तरीही कविता आणि आश्रम शेजारी ठेवून पाहा. कवितेत लॉराला कोणी पेनिटंट म्हणत नाही. तिला दोन वर्षं वेगळ्या खोलीत ठेवत नाहीत. ती आजारी पडते, बरी होते, तिचे केस पुन्हा सोनेरी होतात, लग्न होतं, मुलं होतात, आणि गोष्ट सांगण्याचा मान तिलाच मिळतो. व्हिक्टोरियन कादंबऱ्यांत अशी मुलगी बहुधा शेवटच्या प्रकरणाआधी मरते किंवा बोटीत बसून दूर जाते. कवितेने जे दिलं ते देणं आश्रमाला कधीच जमण्यासारखं नव्हतं. त्यासाठी दारावरची पाटी बदलावी लागली असती.

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा, कारण मी क्रिस्टिनाला आजच्या विचारांची करून टाकतोय असं वाटू शकेल. ती तशी नव्हती. अल्पवयीन मुलींना कायद्याचं संरक्षण मिळावं म्हणून तिने धडपड केली, पण १८८९ मध्ये स्त्रियांना मताधिकार देऊ नये अशा जाहीर निवेदनाला पाठिंबा देणाऱ्यांत तिचंही नाव होतं. अँग्लिकन चर्चच्या कडव्या बाजूची, नियम पाळणारी बाई. जुळू पाहणारी दोन लग्नं तिने धर्माच्या प्रश्नावर मोडू दिली. तिचा भाऊ विल्यम सांगतो की ‘गॉब्लिन मार्केट’मध्ये खोल अर्थ वगैरे नाही असं तिचं म्हणणं होतं. असेल. कवयित्रीला मत एक हवं असतं आणि तिची कविता दुसरंच देऊन बसते, हे आपण तुकोबांपासून पाहत आलो आहोत. शिवाय कवितेचा बाजारही तिच्या हातात राहिला नाही. प्रकाशक मॅकमिलनने ती केंब्रिजमध्ये कामगारांच्या एका मंडळाला वाचून दाखवली, तेव्हा आपली थट्टा चाललीय की काय असं आधी त्यांना वाटलं, मग सगळे चिडीचूप झाले आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट. शंभरहून अधिक वर्षांनी, १९७३ मध्ये, अमेरिकेतल्या पुरुषांच्या एका मासिकाने तीच कविता उघड्या-वाघड्या चित्रांसह छापली. गॉब्लिनांनी पुन्हा दुकान मांडलं म्हणायचं.

थोरल्या मरायाने एक पाऊल पुढे टाकलं. ती १८७३ मध्ये ‘ऑल सेंट्स सिस्टर्स ऑफ द पुअर’ या अँग्लिकन जोगिणींच्या संघात दाखल झाली, १८७५ मध्ये व्रत घेतलं, १८७६ मध्ये वारली. इटालियन महाकवी दान्तेवर तिने चांगलं पुस्तक लिहिलं होतं, पण घरात तिचं नाव घेतलं जायचं ते निष्ठेसाठी. ब्रिटिश म्युझियममधल्या ममींच्या खोलीत ती जायची नाही. का, तर आपण तिथे असतानाच कयामतीचा दिवस उजाडला आणि हे मृत उठून बसले, तर तमाशा पाहायला आलेल्या माणसासारखं वाटेल! ही आठवणही क्रिस्टिनाचीच. मला मराया या एका गोष्टीमुळे कायमची आवडते. मेलेल्यांच्याही अब्रूचा विचार करणारी बाई आहे ती.

तिचा हा संघ तिच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत मुंबईच्या इस्पितळांत रुग्णसेवेला आला. इंग्लंडमधल्या वाँटेज गावचा तसाच दुसरा संघ १८७७ मध्ये पुण्यात पोचला. तिथलं पंचहौद मिशन म्हटलं की आपल्याला टिळक-रानड्यांचा १८९० चा चहा आठवतो, मिशनऱ्यांकडे कोण प्यायलं आणि कुणी प्रायश्चित्त घेतलं. त्या मिशनच्या आवारात या सिस्टर्सचं काम चालू होतं हे सहसा आठवत नाही. इस्पितळातल्या परिचारिकेला आपण आजही ‘सिस्टर’ म्हणतो, त्या शब्दाचं मूळ मठातल्या सेवाव्रती बायकांपर्यंत जातं.

आणि याच वाटेने उलट दिशेला गेली एक मराठी लॉरा, म्हणजे पंडिता रमाबाई. लॉरा म्हणताना जीभ चावतो, कारण रमाबाईंनी कुठलंही निषिद्ध फळ खाल्लं नव्हतं. इकडच्या समाजाच्या मते मात्र खाल्लंच होतं. १८८३ मध्ये त्या वाँटेजला पोचल्या तेव्हा आईवडील, थोरली बहीण कृष्णाबाई, भाऊ, नवरा, सगळे गेलेले, कडेला लेक मनोरमा. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर्सनी त्यांना लंडनच्या फुलम भागातला आपला आश्रम दाखवला, हायगेटसारखाच, ‘पतित’ स्त्रियांचा. अशा बायकांना समाज परत घेऊ शकतो ही कल्पना आपल्याला तिथे पहिल्यांदा शिवली, असं रमाबाईंनी नंतर लिहिलं आहे. रमाबाईंनी पुढे केडगावला काढलेल्या मुक्ती मिशनमधलं कृपासदन, अशाच स्त्रियांचं घर, पाहताना फुलमची आठवण ठेवायला हवी. ज्या कामात क्रिस्टिनाने वर्षं घालवली त्याचा एक धागा असा दौंडजवळच्या माळरानावर येऊन पोचतो.

पण त्याच वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी रमाबाईंची जुंपली. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा सिद्धांत जसाच्या तसा मानायचा की नाही, तरुण पुरुषांना शिकवायचं की नाही, बिशपसाहेब काय म्हणतात, यावर पत्रांमागून पत्रं गेली. भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसरं तसंच जोखड मानेवर घेणार नाही, मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, असं रमाबाईंनी स्वच्छ सांगितलं. आणि ज्या बाईला हे सांगत होत्या तिला पत्रांत संबोधन काय? ‘आजीबाई’. मला यात केवढा तरी शहाणपणा दिसतो. सिस्टर हे त्या बाईचं पद होतं. नातं कुठलं लावायचं ते रमाबाईंनी आपल्या भाषेतून, आपल्या मनाने ठरवलं, आणि त्या नात्यात भांडण करण्याची मुभाही ठेवली. पुढे ही पत्रं जतन करून ठेवली ती सिस्टर जेराल्डिननेच; १९७७ मध्ये महाराष्ट्राच्या साहित्य संस्कृती मंडळाने ती छापली. वाचवणाऱ्या बाईने वाचवलेलीचं उलट बोलणं जपून ठेवलं, हेही थोडं नाही. लिझीला शोभेल असं.

आता आपल्याकडे. आपल्या सार्वजनिक बोलण्यात बहीण मुख्यतः भावाची असते. राखी, भाऊबीज, ओवाळणी. बहिणीने बहिणीसाठी करायचा सण मला तरी आठवत नाही. त्यामुळे सरकार एखाद्या बाईला बहीण म्हणतं तेव्हा आपोआप स्वतः भाऊ होतं. महिना दीड हजार रुपयांची जी योजना २०२४ मध्ये आली तिच्या नावात बहीण आहे आणि ती लाडकीही आहे. पैशाला मी नावं ठेवणार नाही. ज्या घरात स्वतःच्या नावावर कधी पैसा आला नव्हता तिथे दीड हजाराने काय होतं, हे त्या घरातल्या बाईला विचारावं. प्रश्न नावाचा आहे. हक्काचा पैसा मागायला पावती लागते. लाडाचा मागायला लाडकं राहावं लागतं.

अंगणवाडी सेविकांचं उदाहरण याहून बोलकं आहे. गावात त्या ताई. ताई म्हटल्याने मान मिळतो, उंबरठ्याच्या आत जाता येतं, हे खरंच आहे. ‘सिस्टर’ या हाकेनेही रात्रपाळीच्या वॉर्डात नर्सला एक आडोसा मिळतो. पण याच ताईंना दिवाळीत जे दोन हजार मिळतात त्याला बोनस म्हणत नाहीत, ‘भाऊबीज भेट’ म्हणतात, आणि महिन्याला मिळतं ते वेतन नसून मानधन. बहीण म्हटलं की बोनसची ओवाळणी होते आणि पगाराचा मान. मोर्चाला आझाद मैदानावर बसलेल्या ताईंना हे कुणी समजावून सांगायची गरज नसते.

म्हणून बहीण हा शब्द टाकून द्यावा का? तसं मला वाटत नाही, आणि कवितेलाही वाटत नाही. शब्द कुणाच्या तोंडी आहे ते तेवढं पाहावं. देणाऱ्याने स्वतःसाठी वापरला तर त्याने पेनी मोजली का, बाजारात जाऊन फळांचा मारा स्वतःच्या तोंडावर झेलला का, हे विचारायचा घेणारीला अधिकार आहे. लिझी गॉब्लिनांना म्हणते, नाहीतर माझी पेनी परत करा. ते ती फेकून देतात, आणि पळताना ती पिशवीत खुळखुळते. तो आवाज तिला संगीतासारखा वाटतो. भेट म्हणून काही घ्यायला ती त्या बाजारात तयार नव्हती.

हायगेटच्या त्या मुली मात्र मनातून जात नाहीत. क्रिस्टिना त्यांच्यात राहिली, त्यांच्यावर विचार केला, त्यांच्यासारख्या मुलीला आपल्या कवितेत शेवटचं भाषण दिलं. त्या मुलींपैकी कुणी पुढे लग्न करून, पोरांना गोळा करून बसली असेल, आणि संध्याकाळी विषय निघाला असेल, की आई, तुझ्या लहानपणी काय झालं होतं? तेव्हा तिने त्या घरातल्या काळ्या झग्यातल्या बाईंचं वर्णन कोणत्या शब्दाने केलं असेल?